नांदेडची दीक्षा

फाटकावरच्या फ्लेक्सवर तीन फोटो होते. सगळ्यात मोठा दानिएलचा, जांभळ्या झग्यातला. त्याच्याखाली ‘राइट रेव्हरंड बिशप डॉ. दानिएल सोनकांबळे’. शेजारी त्याची बायको एस्तेर, हात जोडलेली. आणि खालच्या कोपऱ्यात एका गोलात सत्यम. ‘सत्यम सोनकांबळे यांचा पाळकीय दीक्षाविधी, रविवार, सकाळी दहा वाजता.’

शांतवननं फ्लेक्स दोनदा वाचला. लातूरहून बसनं येऊन त्याचे पाय आखडले होते, एका हातात म्हाताऱ्या आईची पिशवी होती, तरी तो उभाच राहिला. सत्यमच्या नावात बापाचं, म्हणजे त्याचं, नाव कुठंच नव्हतं. नुसतं सत्यम आणि सोनकांबळे. सोनकांबळे तर त्याचा धाकटा भाऊ दानिएलही होता. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही वाचलं असतं, तर पोरगा बिशपचाच समजला असता.

“झालं का वाचून?” सुगंधा म्हणाली. “अम्मा उन्हात उभ्या हायेत.”

गौरम्मा सुनेच्या खांद्याला धरून उभी होती. तिला अलीकडं कमी दिसायचं आणि त्याहून कमी ऐकू यायचं. भालकीहून लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून चर्चच्या आवारातल्या घरांत राहिली होती. आधी नवऱ्याच्या बदल्यांमागं, नंतर थोरल्या लेकाच्या. धाकट्याच्या या दोन मजली घरी ती दुसऱ्यांदाच आली होती.

“कुणाचा फोटू हाय?” तिनं विचारलं.

“दानीचा,” शांतवन म्हणाला आणि फाटक उघडलं.

गौरम्माचा नवरा, दोघा भावांचा बाप प्रभुदास पाळक ज्या समितीवर होता, त्याच समितीपुढं तरुण दानिएल पाळक व्हायचं म्हणून अर्ज घेऊन उभा राहिला होता. प्रभुदास म्हणाला होता, ‘अजून थांबावं.’ दानिएल थांबला नाही. अर्धापूरला केळीच्या बागांवर मजुरीला येणाऱ्या लोकांत त्यानं एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना सुरू केली, आणि आता नांदेडच्या कडेला त्याचं सभागृह होतं. शांतवन मात्र थांबला. आधी सेमिनरी, मग उमेदवारी, मग डीकन, मग रेव्हरंड. उदगीर, देगलूर, लातूर अशा बदल्या झाल्या. लातूरच्या जुन्या दगडी चर्चमध्ये रविवारी साठेक माणसं यायची. त्यांतलीही काही दुपारी घरी जाऊन मोबाइलवर दानिएलचं प्रवचन ऐकत. ते शांतवनला ठाऊक होतं. कोण कोण, तेही ठाऊक होतं.

*

स्वयंपाकघरात एस्तेरनं जावेला स्टूल दिलं. सुगंधानं ते घेतलं नाही. ती कोथिंबीर निवडायला खाली बसली.

“वांगं करून राहिलीस का?” तिनं विचारलं.

“सगळ्यांना केलं, अक्का. सत्यमला बटाटा काढून ठेवला. तो वांगं खात न्हाई.”

“आमच्याकडं तर खायचा.”

एस्तेरनं फोडणीचं तेल तापत ठेवलं. सत्यम भोकरच्या मंडळीतलं पाळकाचं काम सोडून इथं राहायला आला, त्याला चार महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला सांगितलं होतं, वांग्यानं घसा खाजतो, लहानपणापासून खाजतो, पण आईला वाईट वाटतं म्हणून खातो. हे जावेला सांगावं असं एस्तेरच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं फोडणीत मोहरी टाकली.

एस्तेरच्या माहेरी, निजामाबादकडं, पाळकाला अय्यगारू म्हणत आणि त्याच्या बायकोला अम्मगारू. नांदेडच्या तरुण पोरांनी त्याचं डॅडी आणि मम्मी केलं होतं. दिवसातून शंभरदा तिला कुणी ना कुणी मम्मी म्हणे. सत्संगाला येणाऱ्या बायका म्हणत, दुखणेकरी म्हणत, तिच्याहून वयानं मोठी माणसंही म्हणत. स्वतःचं मूल तिला झालं नव्हतं. त्या विषयावर बोलायचं तिनं फार वर्षांपूर्वी बंद केलं होतं.

सत्यम दारात आला. अंगात नवा पांढरा सदरा होता, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.

“मम्मी, डॅडी विचारून राहिले, साउंडवाल्याची किल्ली कुठं हाय?”

“फ्रीजवर बघ.”

त्यानं किल्ली घेतली. मग त्याचं लक्ष खाली बसलेल्या सुगंधाकडं गेलं. “आई, तू चहा घेतला का?”

“घेतला,” सुगंधा म्हणाली. तिनं घेतला नव्हता.

तो गेला. सुगंधाच्या हातातली कोथिंबिरीची काडी तशीच राहिली होती. एस्तेरनं ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटायला जरा वेळ लागला. तोवर भाजी खाली लागत आली होती.

*

दुपारी पंगत बसली ती हॉलमध्ये, चटयांवर. घरचीच माणसं. सत्यम वाढत होता. एस्तेर त्याच्या मागून भाकरी घेऊन फिरत होती.

“उद्यापासून रेव्हरंड सत्यम,” दानिएल म्हणाला. घरातही तो जरा मोठ्यानंच बोलायचा, माइकची सवय. “लातूरच्या भरवशावर राहिला असता तर म्हातारा झाला असता.”

“एकदम रेव्हरंड?” शांतवननं विचारलं. “आधी डीकन न्हाई?”

“आमच्यात डीकन न्हाई.”

“शास्त्रात हाय. डीकन म्हणजे सेवक. पहिले डीकन नेमले ते कशाला? पंगतीत वाढायला. विधवांना ताटात मिळत नव्हतं म्हणून. आधी वाढायला शिकायचं, मंग वेदीपाशी जायचं.”

सत्यम आजीच्या ताटापाशी वाकला होता. तिच्या भातावर त्यानं वरण घातलं, पुरे का म्हणून तिच्या कानाशी विचारलं आणि पुढं सरकला.

“आन् बिशप म्हणजे काय, ते बी सांगून टाक, दादा,” दानिएल म्हणाला. “मघापासून तुला सांगायचं हाय, मला दिसून राहिलं.”

“बिशप म्हणजे देखरेख करणारा. आपल्या मराठी बायबलात अध्यक्ष म्हटलंय. चार मंडळ्या असतात, त्यांचे पाळक असतात, त्यांच्यावर नजर ठेवतो तो बिशप. तुझ्या हाताखाली पाळक किती हायेत?”

“उद्यापासून एक,” दानिएल म्हणाला.

शांतवनचा घास हातातच राहिला. दानिएल हसत होता, पण डोळ्यांनी नाही.

“मला सहा मंडळ्यांच्या पाळकांनी मिळून बिशप केलं,” तो म्हणाला. “निजामाबादला. माझ्या डोक्यावर दीक्षेचे बारा हात होते. तू आला नव्हतास.”

“मला बोलावलं नव्हतं.”

“बोलावलं होतं. तू उत्तर दिलं न्हाई.”

शांतवन पाणी प्यायला. “रेव्हरंड हे तर पदच न्हाई,” तो पुढं म्हणाला, जणू मधलं बोलणं झालंच नव्हतं. “ते विशेषण हाय. आदर करण्याजोगा. पद असतं डीकनचं, प्रेस्बिटरचं. प्रेस्बिटर म्हणजे वडील. रेव्हरंड आपलं आपण लावून घ्यायचं नसतं, लोकांनी लावायचं असतं.”

“मग तुमच्या दारावरच्या पाटीवर कुणी लावलं, भाऊजी?” एस्तेरनं विचारलं. अगदी हळू आवाजात, भाकरी वाढता वाढता.

गौरम्माला शब्द कळले नसावेत, पण सगळ्यांचं गप्प बसणं कळलं. “ऊटा करा,” ती म्हणाली. “जेवा आधी.”

सत्यमनं वरणाचं भांडं खाली ठेवलं.

“पप्पा, ज्ञानोबांना कुठल्याच शब्दाचा अर्थ नको होता,” तो म्हणाला.

“ते आता कशाला?”

“आता न्हाई तर कधी?” तो चुलत्याकडं वळला, पण बोलत होता बापाशीच. “भोकरच्या आमच्या मंडळीतले ज्ञानोबा. घशाचा कॅन्सर होता. पाणी उतरत नव्हतं. मला म्हणाले, प्रभुभोजन दे, एवढंच ऱ्हायलंय. मला देता येत न्हाई. दीक्षा झाली न्हाई म्हणून मला भाकर मोडता येत न्हाई, बाप्तिस्मा देता येत न्हाई. मी पप्पांना फोन केला. म्हणलं, तुम्ही या. हे म्हणाले, पुढच्या रविवारी येतो. म्हणलं, रविवारपर्यंत राहत न्हाईत ते. म्हणलं, मग मी देऊ का? तर म्हणाले, तुला अधिकार न्हाई.”

“तो नियमच हाय,” शांतवन म्हणाला.

“हाव, नियम हाय. शुक्रवारी गेले ज्ञानोबा. त्यांच्या बायकोनं मला इचारलं, तू पाळक हायेस म्हणून आम्ही तुझ्याकडं आलो, तर तू हायेस तरी कोण? मला सांगता आलं न्हाई.” त्याचा आवाज चढला नव्हता. “आन् अधिकार द्यायची बैठक त्याच्या आधीच्या महिन्यात झाली होती. समितीनं तुम्हाला इचारलं, तुमच्या मुलाचं काय करायचं. तुम्ही म्हणाले, अजून वर्षभर थांबवा.”

“कुणी सांगितलं तुला?”

“म्हणाले का न्हाई?”

शांतवननं ताटाकडं पाहिलं. “म्हणालो.”

सुगंधाला हे माहीत नव्हतं. ती नवऱ्याशेजारी बसली होती. ती उठली, स्वतःचं ताट उचललं, आणि पलीकडं जाऊन एस्तेरच्या चटईवर बसली. “मला बटाटा वाढ जरा,” ती जावेला म्हणाली. “वांगं मला बी नको.”

एस्तेरनं वाढलं. लग्न होऊन आल्यापासून मोठी जाऊ आपण होऊन तिच्याजवळ बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

दानिएल या सगळ्यात काही बोलला नाही. खरं तर बोलायची संधी त्याला इतकी आयती कधी मिळाली नव्हती. पण ‘अजून थांबवा’ हे शब्द कानावर पडले आणि त्याला एकदम बापाचा आवाज ऐकू आला.

*

दिवेलागणीला दानिएल सभागृहात एकटाच खुर्च्यांच्या रांगा बघत फिरत होता. मागून पावलं वाजली. दादाची चाल त्याला न बघता ओळखू यायची.

“एवढ्या खुर्च्या भरतात?” शांतवननं विचारलं.

“सणाला उभं राहतात लोक.”

शांतवन मागच्या रांगेत बसला. दानिएल दोन खुर्च्या सोडून बसला.

“का थांबवलंस त्याला?” दानिएलनं विचारलं. “खरं सांग. समितीला सांगितलंस ते नको.”

शांतवननं समोरच्या स्टेजकडं पाहिलं. तिथं मखमली कापड घातलेली एक मोठी खुर्ची होती, तिच्या बाजूला एक साधी.

“मागच्या नाताळात मी भोकरला गेलो होतो,” तो म्हणाला. “उपासनेला. मागं बसलो होतो, असाच. पोरगा बोलत होता. साधंच, गावातलं, म्हशी-बिशीचं. अन् लोक रडून राहिले होते. मी इतकी वर्षं बोलून राहिलो, दानी. बायबलासाठी इब्री शिकलो, ग्रीक शिकलो. माझ्यासमोर कधी कुणी रडलं न्हाई. उपासना झाल्यावर एक बाई मला म्हणाली, तुम्ही सत्यम भाऊंचे वडील का? तुम्ही पण पाळक हायेत का? तुम्ही पण.” त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. “लातूरच्या बसमध्ये बसल्यावर मला कळलं की मला आनंद झाला न्हाई.”

दानिएलनं मान हलवली. “बाबांचं बी तसंच होतं का? माझ्या बाबतीत?”

“बाबांचं मला ठाऊक न्हाई. तसं वाटायला तू तेव्हा चांगला बोलत बी नव्हतास.”

दानिएल हसला. या वेळी खरंच हसला. मग म्हणाला, “तुला एक सांगतो. चारशे माणसं मला डॅडी म्हणतात. घरात शिरलो की कुणी म्हणत नव्हतं. सत्यम पहिल्यांदा म्हणाला, तेव्हा मी वरच्या खोलीत होतो. मी ऐकलं न्हाई असं केलं, पुन्हा हाक मारावी म्हणून.”

शांतवनच्या जबड्याचं हाड हललेलं दानिएलला त्या अंधुक उजेडातही दिसलं. त्यासाठीच त्यानं सांगितलं होतं, हे सांगून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

“उद्या तू बी हात ठेव,” दानिएल म्हणाला. “त्याच्या डोक्यावर. माझ्याबरोबर.”

“मला जमणार न्हाई. आमच्याकडनं सक्त ताकीद हाय. बाहेरच्या दीक्षेत भाग घेतला की निलंबन. निवृत्तीला थोडेच दिवस ऱ्हायलेत. घर चर्चचं हाय. अम्माला घेऊन जाऊ कुठं?”

“मंग नको ठेवू,” दानिएल म्हणाला, जरा घाईनंच. त्यानं विचारलं होतं ते दादानं नाही म्हणावं म्हणूनच. त्याला हायसं वाटलं. खुर्च्या सरळ करायच्या निमित्तानं तो उठला.

*

सकाळी सभागृह भरलं. अर्धापूरहून दोन टेम्पो आले होते, भोकरहून ज्ञानोबाची बायको आणि मंडळीतली दहा-बारा माणसं आली होती. पुढच्या रांगेत गौरम्मा, तिच्या एका बाजूला सुगंधा आणि दुसऱ्या बाजूला शांतवन. त्यानं पाळकाची गळ्यातली पांढरी पट्टी लावली नव्हती. साधा शर्ट घातला होता. लोकांच्या हातांत मोबाइल वर झालेले होते, स्टेजच्या दोन्ही अंगांना कॅमेरे होते.

गाणी झाली. दानिएल जांभळा झगा घालून उभा राहिला. सत्यम येऊन त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसला.

“या मुलाला मी तो जन्मला तेव्हापासून ओळखतो,” दानिएल माइकमध्ये म्हणाला. “आज त्याला पाळक करायचं आहे. पाळक म्हणजे मेंढरं पाळणारा. हाकलणारा नव्हे.”

लोक ‘आमेन’ म्हणाले. शांतवनला कळलं की ते शेवटचं वाक्य कुणासाठी होतं. दानिएलनं उजवा हात सत्यमच्या डोक्यावर ठेवला, पंजा पूर्ण पसरून.

शांतवनला त्या क्षणी प्रार्थना आठवली नाही, नियम आठवला नाही, चर्चचं घर आठवलं नाही. त्याला एवढंच दिसत होतं की पोराच्या डोक्यावर दुसऱ्याचा हात आहे. तो उठला. सुगंधानं त्याला अडवलं नाही. तो तीन पायऱ्या चढून वर गेला आणि कॅमेरे त्याच्याकडं वळले.

दानिएलनं त्याला पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा कोरा झाला. मग त्यानं माइक तोंडाशी नेला. “आपल्यामध्ये आले आहेत,” तो ठणठणीत आवाजात म्हणाला, “लातूरचे रेव्हरंड शांतवन सोनकांबळे. माझे थोरले बंधू.”

तो मान होता, आणि कॅमेऱ्यावरून लातूरच्या समितीपर्यंत पोचेल असं नावगावही होतं. दोघा भावांना ते सारखंच कळलं. शांतवननं कॅमेऱ्याकडं पाठ केली नाही. त्यानं हात पुढं केला आणि मुलाच्या डोक्यावर ठेवायला गेला.

डोक्यावर जागा नव्हती. त्याचा हात दानिएलच्या हातावर पडला. तळव्याला पोराचे केस लागायचे, तिथं भावाच्या बोटातली जाडजूड अंगठी लागली. दानिएलनं हात काढला नाही. शांतवननंही काढला नाही. खाली वाकलेल्या सत्यमला वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्याच्या मानेवर फक्त वजन वाढलं होतं.

सभागृह वाट पाहत होतं. दानिएलची प्रार्थना सुरू होईना.

गौरम्माला ऐकू कमी यायचं, म्हणून बोलायची मोठ्यानं. पुढच्या रांगेतून ती म्हणाली, “दानी, सरक जरा. दादाला जागा दे.”

ताटावर बसलेल्या दोन पोरांना म्हणावं तसं. मागच्या कुणीतरी हसू दाबलं. दानिएलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढ्या माणसांसमोर त्याला दानी असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग त्यानं हात सरकवला. फार नाही, चार बोटं. शांतवनचा तळवा घसरून मोकळ्या जागेवर आला. केस घामानं ओले होते. कानामागं लहानपणी पडून झालेल्या खोकेचा व्रण होता, तो बोटाला लागला, आणि ती खोक कुठल्या पायरीवरून पडून झाली होती हे त्या सभागृहात त्याला आणि सुगंधालाच ठाऊक होतं.

“पप्पा?” सत्यमनं खालून, अगदी हळू विचारलं. मान न उचलता.

“हाव,” शांतवन म्हणाला. “मीच हाय.”

दानिएलनं प्रार्थना सुरू केली. त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. शांतवननं डोळे मिटले नाहीत. अर्धं डोकं त्याच्या हाताखाली होतं आणि अर्धं भावाच्या, आणि तो सगळा वेळ आपल्या बाजूचं अर्धं घट्ट धरून उभा राहिला.